हुंकार देणारी बाई

टिकाराम : थे सारं राहू दे. या पुस्तकात माया घराचं चित्र हाये का नाई, एवढंच सांग.

अपेक्षा : आहे, आबाजी. त्यासाठीच तर मी साकोलीहून इथवर...

टिकाराम : बस! झालं. हर्षा, आयकलं का? मी म्हनलं होतं ना, हे पोरगी उगीच नाई आली म्हनून. तिचा चहा झाला असन तं कप उचल.

हर्षा : मामाजी, तिनं अजून घोटही नाही घेतला. तुम्ही घेऊ द्यान तवा ना! अपेक्षा, तू पे वो चहा. आमच्या मामाजीचं असंच आहे. दूधवाल्यालेही पुसतात, आज दूध पातळ काहून, कोणाच्या सांगण्यावरून केलं.

टिकाराम : तू मायी सून हायेस का हिची वकील?

हर्षा : सून आहे म्हणूनच बोलून राहिली. एकोडीची पोरगी आहे ही, काही परकी नाही. सहा वर्षांमागं त्या गोऱ्या बाईसंगं येत होती आपल्या घरी. तुम्हीच तं तिले बोरं दिली होती ओंजळभर.

टिकाराम : बोरं दिली, घर नव्हतं दिलं. धरनाच्या वक्तालेही असाच एक साहेब आला होता जुन्या गावात. लई गोड बोले. ओट्यावर बसला, माठातलं पानी पेला, माया बायकोले, कुसुमले, बाई-बाई करे. घराचं चित्र काढलं, भिंतीवर लाल रंगानं नंबर टाकला अन् गेला. मंग घर गेलं, गावही गेलं. ज्यानं माया घराचं चित्र काढलं त्यानं मायं घर बुडवलं. मी आता कोनाले चित्र काढू देत नसतो.

हर्षा : अन् हे पुनर्वसनातलं घर नेऊन कोण काय करन, बाप्पा? भिंतीले टेकलं का पाठीले चुना लागते.

अपेक्षा : आबाजी, हे घर नाहीच काढलेलं. जुनं घर आहे. तुम्ही एकदा बघा तर.

(अपेक्षा पुस्तक उघडून टिकारामच्या मांडीवर ठेवते.)

टिकाराम : चष्मा दे, हर्षा. तो नाई, दुसरा. ... हे ... हा तं आपला उंबरठा. उजवीकून झिजलेला. हे धानाची ढोली. हे वाकडं आढं, याच्यावरून माया बाप जन्मभर सुताराले शिव्या देत होता. अन् हे मासोळ्या कायले फिरून राहिल्या ढोलीजवळून?

अपेक्षा : घर पाण्याखाली आहे ना, आबाजी.

टिकाराम : मंग आता सापडलीस तू! घर गोसे धरनाच्या पान्यात गेलं, त्याच्या किती मागून आली ती बाई इथं. तिनं हा उंबरठा पाह्यला कवा? उजवीकून झिजला हे तिले कोनं सांगतलं? हे तं सरकारच्या कागदातही नाई.

अपेक्षा : कुसुमआजींनी सांगितलं.

टिकाराम : मालूम होतं मले. मालूमच होतं! दुपारभर बसत दोघी कुजबुज-कुजबुज करत. अन् मी आलो का चूप. कुसुम लगेच पदर सावरे अन् म्हने, भाजी निवडतो. भाजी तं निवडून ठेवलेली राहे बाजूले. मी काही आंधळा नाई.

हर्षा : आई कहाणी सांगत होत्या तिले, मामाजी. मी होती ना तिथं.

टिकाराम : दुपारी? दिवसा कोनी कहाणी सांगते का? दिवसा कहाणी सांगतली का मामा वाट चुकते, हे लहान पोट्ट्यालेही मालूम हाये. म्हंजे ते कहाणी नव्हतीच. घरच्या गोठी होत्या. माया घरच्या.

हर्षा : मीही हेच म्हटलं होतं आईले. तं त्या हासल्या. म्हणे, माया मामा कवाचाच गेला, आता वाट चुकाले उरलं कोण?

टिकाराम : असं म्हने ती?

हर्षा : अशीच म्हणे. अन् मले म्हणे, रात्री कोण आयकते? सारे मोबाईलवर बसतात. हे बाई दुपारी येते तं दुपारीच सांगतो.

टिकाराम : बरं, कहाणी तं कहाणी. मंग त्या बाईच्या कानात मशीन कायले होती? दोन्ही कानांत! टेप करे ती. मी म्हनलं नाई कोनाले, पन मी पाह्यलं होतं.

अपेक्षा : ते यंत्र ऐकू येण्यासाठी होतं, आबाजी. त्रिनाबाईंना तेव्हाच फार कमी ऐकू यायचं. आता तर अजिबातच नाही.

टिकाराम : लबाडी कराची तं नीट कर, पोरी. आयकू येत नव्हतं तं ती हूं काहून म्हने?

अपेक्षा : कधी?

टिकाराम : दरवेळी! मी तिकडं आंगनात जाळं विनत बसो. हात जाळ्यात, पन ध्यान इकडंच राहे. कुसुम एक वाक्य बोले. तू त्याचं इंग्रजी कराले तोंड उघडस. अन् तुया आधीच ती गोरी म्हने, 'हूं'. एकदा नाई, रोज! म्हंजे तिले मराठी येत होती. सारं समजत होतं, अन् वरून तुले मधात बसवून सोंग करे. पुसलं मी स्वतःले, ज्याले बोली येते तो येत नसल्याचं सोंग कायले करन? सांग आता, काय सांगतेस.

हर्षा : अगं बाई! एवढे दिवस हे मनात धरून बसले होते तुम्ही?

टिकाराम : तू हासू नको. अन् हे पोरगीही हासून राहिली!

अपेक्षा : तुम्हाला नाही हसत, आबाजी. त्रिनाबाईला हे सांगितलं तर ती रडेल. अहो, तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तो हुंकार तिला आजींनीच शिकवला होता. पहिल्या दिवशी आजी सांगायला लागल्या, एक वाक्य बोलल्या आणि थांबल्या. आम्ही दोघी बघतच राहिलो. आजी म्हणाल्या, हूं कोण म्हणणार? आयकणाऱ्यानं हूं म्हटलं नाही तर कहाणी तिथंच बसते. मग मी तसं बाईंना इंग्रजीत सांगितलं, माझे ओठ वाचून त्यांना कळायचं. तेव्हापासून बाई आजींच्या तोंडाकडे बघत बसायच्या. ओठ थांबले की 'हूं'. कळलं तरी हूं, नाही कळलं तरी हूं.

टिकाराम : न समजता?

अपेक्षा : न समजता. न ऐकताही. आजींना ते माहीत होतं. त्या मला म्हणाल्या, हिले काहीच समजत नाही, पण हूं टायमावर देते.

टिकाराम : ... असं म्हनली का ती.

हर्षा : मामाजी, आई मलेही म्हणाल्या होत्या. आपल्या घरात समजणारे सारे आहेत, हूं देणारं कोणी नाही.

टिकाराम : तू लाखोरीची दाळ निवड, हर्षा. खडे राहतात तिच्यात. ... अन् तू सांग, हे बाई होती कोन? पोटापान्याले काय करे?

अपेक्षा : पुस्तकं लिहिते, लहान मुलांसाठी. जन्मभर तेवढंच केलं.

टिकाराम : एवढी म्हातारी बाई अन् पोराटोरांच्या कहाण्या? अन् त्यावर विमानानं इथवर येते? पटते का तुले हे?

अपेक्षा : तिकडे घराघरांत वाचतात तिची पुस्तकं. दक्षिण आफ्रिकेत. तिच्या सगळ्या गोष्टींत एक कासवी असते. तिथली मुलं तिला कासववाली आजी म्हणतात. इंग्रजीत नाही हं लिहीत ती. आफ्रिकान्समध्ये लिहिते, तिच्या घरच्या बोलीत.

टिकाराम : आफ्रिका म्हंजे गोऱ्यांनी काळ्या मानसाले वेगळा बाक दिला, वेगळा नळ दिला, तेच ना? पाह्यलं मी टीव्हीवर. हे त्याच गोऱ्यांची बोली?

अपेक्षा : त्यांचीच. पण त्यांच्या घरात राबणाऱ्यांचीही तीच. आधी तिला सगळे चुलीपाशची बोली म्हणून हिणवायचे, जशी आपल्या बोलीला नागपुरात हसतात तशी. मग तीच बोलणारे राजे झाले आणि दुसऱ्यांना हिणवायला लागले. हे मला त्रिनाबाईनंच सांगितलं. लपवलं नाही काही.

टिकाराम : सांगनारच. गोड बोलनारे आधी आपलाच दोष सांगतात, म्हंजे आपन भुलतो.

अपेक्षा : गोड बोलणं तिच्या नशिबात नव्हतं, आबाजी. तिला नीट बोलताच येत नाही. लहानपणापासून.

टिकाराम : म्हंजे?

अपेक्षा : बोबडी नाही, अडखळते. शब्द तोंडाशी येतो आणि अडकतो. बाप त्यांच्या चर्चमध्ये प्रवचन करायचा, रविवारी तासभर बोलायचा, आणि घरी जेवताना कोणी बोललेलं त्याला खपायचं नाही. त्यात ही पोर अडखळणारी. तिचा शब्द निघेपर्यंत थांबायला कोणाला वेळ नव्हता. स्वयंपाकघरात कणीक मळणारी एक बाई होती फक्त, काळी-सावळी, ती थांबायची. पोर बोलून होईपर्यंत कणीक मळत राहायची. कधीकधी तर पाव दगडासारखा व्हायचा म्हणे मळून मळून.

हर्षा : अशी एखादी पाह्यजेच ना घरात. नाही तं लेकरू मुकंच होऊन जाते.

अपेक्षा : तोंडानं जमेना म्हणून ती लिहायला लागली. कासवी का, तर उशिरा पोचते पण पोचते. मुलांना आवडलं. मग एका पुस्तकात तिनं लिहिलं की कासवी चालत चालत एका टेकडीपाशी येते. तिथं चुली आहेत, विहीर आहे, माणूस एक नाही. कासवी विचारते, इथली माणसं कुठं गेली? बस, एवढंच. त्या टेकडीवरचं गाव खरंच उठवलं होतं सरकारनं, काळ्या लोकांचं गाव. शाळांनी ते पुस्तक कपाटातून काढून टाकलं. सख्ख्या भावानं बोलणं सोडलं. शेजारी पाळत ठेवायचे, घरी कोण येतं, कोण जातं. आणि सगळे एकच विचारायचे, तुला हे लिहायला कोणी सांगितलं? तुला कोणी पाठवलं?

टिकाराम : ... मंग काय सांगतलं तिनं?

अपेक्षा : सांगणार काय? ती अडखळायची. आणि ती अडखळली की लोकांना वाटायचं, बघा, चोरी पकडली गेली.

हर्षा : मामाजी.

टिकाराम : मी काही बोललो का?

हर्षा : तुम्ही काही बोलून नाही राहिले, म्हणून म्हटलं. त्या दिवशी याच दारात उभे राहून तुम्ही तिले काय पुसलं होतं, ते आठवून राहिलं का?

टिकाराम : मी जे पुसाले पाह्यजे तेच पुसलं. 'तुले कोनं धाडलं?' अपेक्षानं इंग्रजी केलं. ती बाई उठून उभी राह्यली. त... त... त... करे नुसती. तोंड लालबुंद. मी म्हनलं, पाहा, निर्दोष मानूस असा ततपप करते का? चोराचीच जीभ अडकते.

अपेक्षा : हे मी इंग्रजीत नव्हतं सांगितलं तिला, आबाजी. मला धीर नाही झाला. पण तुमचा हात दाराकडे होता. ते तिला कळलं.

टिकाराम : मले काय मालूम तिची जीभ जन्माची अडकते म्हनून! कोनी सांगतलं का मले? कुसुमनंही नाई सांगतलं.

हर्षा : कोणाले सांगन? तुमच्यासंगं चार शब्द बोलायचे म्हणजे आधी चार दिवस हिंमत गोळा करावी लागे त्यांना.

टिकाराम : हर्षा!

हर्षा : ओरडा. तुम्ही ओरडले तं मले बरंच वाटते. आवाज तं निघते घरात.

टिकाराम : ... हा मानूस कोन हाये? या चित्रातला?

अपेक्षा : कोणता?

टिकाराम : तुले मालूम हाये कोनता. हा उंबरठ्यावर बसला तो, पान्याच्या आत. गमछा माया. मिशा माया. बसनंही मायंच, एक पाय आत, एक बाहेर. अन् मिशांच्या खाली तोंडच नाई! नुसता कोरा गाल. याले तोंड काहून नाई काढलं? आता मले गोलगोल सांगू नको. कुसुमनं त्या बाईले मायाबद्दल काय सांगतलं, तेवढंच मले पाह्यजे. चाळीस-पन्नास वर्षं संसार केला मी तिच्यासंगं. ती मले न सांगता परक्या बाईले काय सांगून गेली, ते आयकल्याबिगर मी तुले उठू देत नाई.

अपेक्षा : वाचून दाखवू? बाईनं मला सगळं इंग्रजीत करून पाठवलं होतं, त्यावरून मी आपल्या मराठीत केलं आहे. नागपूरच्या एका लहान प्रकाशकाला छापायचं आहे. पण बाईची अट आहे. आधी घरच्या माणसाला वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर मराठीत निघणार नाही.

टिकाराम : अन् मी नको म्हनलं तं?

अपेक्षा : तर मी पुस्तक उचलीन, चहा पिईन आणि जाईन.

हर्षा : चहा तं पाणी झाला आता. वाच तू.

अपेक्षा : पहिल्याच पानावर असं लिहिलं आहे. 'ही गोष्ट मला वैनगंगेकाठच्या एका बाईनं सांगितली. तिचं नाव कुसुमताई. तिचा नियम असा, की प्रत्येक पानानंतर ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हूं आलं नाही तर पान उलटायचं नाही.' तिकडची मुलं पाळतात बरं हा नियम. शाळेत एकदम पन्नास पोरं म्हणतात, हूं.

हर्षा : आफ्रिकेत?

अपेक्षा : आफ्रिकेत.

टिकाराम : नाव लिहिलं म्हनतेस कुसुमचं? दाखव. कोनतं? हे? ... बरं. वाच.

अपेक्षा : 'एक गाव होतं. नदी वाढली आणि गाव पाण्यात गेलं. माणसं बैलगाड्या भरून वर निघाली. कोणी जातं घेतलं, कोणी देव घेतले. एक माणूस मात्र घाईत आपला आवाज घरातच विसरला.'

हर्षा : हूं.

अपेक्षा : 'नव्या गावात सारे म्हणाले, अरे, बोल ना. तो बोलेना. बायकोनं विचारलं, भाकर वाढू का? तो मान हलवी. पोरानं विचारलं, शेतावर जाऊ का? तो मान हलवी. तो भांडून भांडून दमला होता मोठ्या लोकांशी, तेव्हा आवाज मोठा होता त्याचा. आता आवाज उंबरठ्यावर बसला होता, पाण्याच्या खाली.'

हर्षा : हूं.

टिकाराम : थांब. हे कुसुमनं सांगतलं? भांडून दमला म्हनून?

अपेक्षा : शब्द न् शब्द. मी मधे बसले होते.

टिकाराम : मले वाटलं ती मायी चुगली करून राहिली. खडूस हाये, बोलत नाई, जनावरासारखा राहते म्हनून.

हर्षा : तसं म्हटलं असतं तं चाललं असतं, खरं तं. पण नाही म्हटलं त्यांनी. कवाच नाही म्हटलं.

टिकाराम : धरनाविरुद्धच्या मोर्चात सगळ्यात मोठा आवाज माया होता, पोरी. भंडाऱ्याच्या कचेरीसमोर माइकबिगर आयकू जाये. मंग पानी आलंच. मंग म्हनलं, आता कोनाले सांगाचं अन् कायले? ... वाच पुढं.

अपेक्षा : 'बायको नदीकाठी गेली. तिथं एक कासवी होती. बायको म्हणाली, माझ्या माणसाचा आवाज आणून दे. कासवी खाली गेली. उंबरठ्यावरचा आवाज तिनं अलगद तोंडात धरला आणि हळूहळू वर आली. पण आता एक पंचाईत झाली. तोंड उघडलं की आवाज उडून जाणार. म्हणून कासवी काहीच बोलू शकेना. तोंड मिटून तिला एकच म्हणता येई. हूं.'

हर्षा : हूं. ... आई गं.

अपेक्षा : 'कासवी त्या माणसाच्या दारात आली. माणसाला संशय आला. त्यानं विचारलं, तू कोण? कासवी म्हणाली, हूं. कुठून आलीस? हूं. तुला कोणी पाठवलं? हूं.'

टिकाराम : ... पुढं?

अपेक्षा : पुढं नाही.

टिकाराम : म्हंजे?

अपेक्षा : कुसुमआजी इथवर आल्या होत्या आणि तुम्ही दारात उभे राहिलात. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो नाही. त्रिनाबाई परत गेली, पुढच्या हिवाळ्यात आजी गेल्या. बघा, शेवटचं पान. माणूस दारात, कासवी समोर. खाली काहीच लिहिलेलं नाही.

टिकाराम : मंग तिनं लिहून टाकाचं! एवढी पुस्तकं लिहिते. शेवट लावता नाई आला का?

अपेक्षा : सगळ्यांनी तेच सांगितलं तिला. ती म्हणाली, माझी नाही गोष्ट. हुंकार माझा होता, गोष्ट नव्हती. आबाजी, मी खरं म्हणजे हेच विचारायला आले आहे. आजींनी तुम्हाला कधी शेवट सांगितला होता का?

टिकाराम : मले? मले कायले सांगन ती? मी कवा हूं म्हनलं तिले?

हर्षा : मी पुसलं होतं आईले. दवाखान्यात होत्या तवा. म्हटलं, आई, त्या कासवीचं काय झालं पुढं? तं म्हणे, मले काय पुसतेस. तो बसला ना बाहेर बाकावर, त्याले पूस.

टिकाराम : मंग पुसलं काहून नाई?

हर्षा : तुमचं तोंड पाहून कोणाची हिंमत होते, मामाजी?

टिकाराम : ... अपेक्षा, एक सांग. हा उंबरठा उजवीकून झिजलेला, हे आढं, हे ढोली. हे कुसुमनं तोंडानं सांगतलं का? तोंडाच्या सांगन्यावरून इतकं बराबर नाई निघत.

अपेक्षा : नाही. काढून दाखवलं. इथंच, या ओट्यावर. तांब्यात बोट बुडवायच्या आणि सिमेंटवर ओल्या बोटानं घर काढायच्या. वाळायच्या आत बाई कागदावर उतरवून घ्यायची. मग आजी पुढची भिंत काढायच्या.

टिकाराम : या ओट्यावर.

अपेक्षा : हो. तुम्ही बसला आहात तिथंच.

टिकाराम : त्या दिवशी ओटा ओला होता. मी दारात आलो तवा. मले वाटलं, पानी सांडलं. मी म्हनलंही, कोनं पानी सांडलं, पाय घसरन ना कोनाचा. अन् त्याच्यावर पाय देऊन आत आलो मी. कुसुम नुसती खाली पाहे. मले वाटलं, चोरी पकडली म्हनून खाली पाहून राहिली.

हर्षा : मामाजी, पाणी देऊ का?

टिकाराम : नको. ... ते तुया मराठीच्या कागदावर जागा हाये का शेवटाले?

अपेक्षा : हवी तेवढी आहे.

टिकाराम : लिहून घेऊ नको आत्ता. आधी आयक. मले सांगता येते का नाई ते पाहू दे. कुसुमसारखं नाई येनार, सांगून ठेवतो. ... तं तो मानूस पुसते, तुले कोनं धाडलं? कासवी म्हनते, हूं. मानसाले राग येते. सरळ जबाब देत नाई म्हंजे हे चोरच हाये, असं त्याले वाटते. तो पाय उचलते, तिले आंगनाबाहेर ढकलाले. कासवी हालत नाई. पन पाय उचलला तसा त्याले दिसते, कासवीची पाठ ओली हाये. पान्यातून आली तं ओली राहीनच ना, असं म्हनून तो सोडून देनार होता. पन या वेळी तो पाय खाली नाई ठेवत. वाकते. पाहते. तं पाठीवर ओल्या बोटानं काढलेलं एक घर. आढं वाकडं. उंबरठा उजवीकून झिजलेला. अन् ते बोट ... ते बोट त्याच्या ओळखीचं राहते. मंग त्याले समजते, हिले कोनं धाडलं ते. तो खाली बसते कासवीसमोर, अन् म्हनते ... काय वो पोरींनो? नुसत्या पाहून काहून राहिल्या मायाकडं? कोनी हूं म्हना ना. कहाणी थांबली.

हर्षा : हूं, मामाजी.